अंजदीव ते सुरजागड

मुंबई बेट इंग्रजांना पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण मिळाले, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. मात्र लग्नाचा तह जून १६६१ चा होता आणि बेटाचा ताबा मिळाला तो फेब्रुवारी १६६५ मध्ये, हे सहसा कुणी सांगत नाही. दुसऱ्या चार्ल्सने पाठवलेली सुमारे चारशे माणसांची पलटण सर अब्राहम शिपमनच्या हाताखाली सप्टेंबर १६६२ मध्ये मुंबईच्या बंदरात पोचली. कागदपत्रे रीतसर नाहीत म्हणून पोर्तुगीज व्हाइसरॉयने तिला उतरू दिले नाही. आंदणात साष्टी येते की नुसते मुंबई बेट, हाही वाद होताच. पलटण सुरतेला न्यावी तर तिथल्या वखारवाल्यांना मोगलांचा रोष नको होता. शेवटी ही माणसे कारवारजवळच्या अंजदीव नावाच्या चिमुकल्या बेटावर उतरवली गेली आणि लंडनहून नवा हुकूम येण्याची वाट पाहत बसली. १६६३ आणि १६६४ चे दोन पावसाळे त्यांनी तिथे काढले. रोगराई, अपुरा शिधा आणि रिकामपण यांत माणसे मरत गेली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही गेला. त्याचा चिटणीस हम्फ्री कूक अखेर मुंबईत उतरला, तेव्हा त्या पलटणीतली जेमतेम शे-सव्वाशे माणसे उरली होती. त्यांच्यावर कुणी हल्ला केलेला नव्हता, वेढाही पडलेला नव्हता. निर्णय घ्यायचा अधिकार जिथे होता तिथे पावसाची झड पोचत नव्हती आणि जिथे झड होती तिथे अधिकार नव्हता, म्हणून ही माणसे मेली.

बल्लारपुरातून या गोष्टीकडे पाहायला कारण आहे. वर्धेच्या काठी खांडक्या बल्लाळशहाने किल्ला बांधून राजधानी वसवली, असे परंपरा सांगते. पुढे इथे कोळशाची खाण आली. १९४५ मध्ये कागद गिरणीची कंपनी निघाली आणि जंगलातला बांबू गाड्या भरभरून इथे उतरू लागला. रेल्वे, खाण आणि गिरणी यांच्या भोवती तेलुगू, हिंदी, बंगाली, पंजाबी बोलणारी कुटुंबे राहिली, वाढली. आज लोक या गावाला ‘मिनी इंडिया’ म्हणतात ते उगीच नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात नव्या वसाहती उभ्या राहणे अजून थांबलेले नाही. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे, आणि त्यांच्या मागोमाग क्वार्टर्स, चाळी, पोलीस मदत केंद्रे आणि ढाबे येत आहेत. अशा वेळी सगळीकडून एकच मागणी ऐकू येते, ती म्हणजे खंबीर नेतृत्वाची. धडाडीचा कलेक्टर हवा, कडक पालकमंत्री हवा, झटपट निर्णय घेणारा माणूस हवा. परक्या मुलखात उभी राहिलेली वसाहत तगते की मरते, हे कशावर ठरते याचा पुरावा पाहिला तर ही मागणी अपुरी आहे असे मला वाटते. आपल्या हातातला कोणता अधिकार नेत्याने लेखी सोडून दिला आणि तो सोडताना आधीपासून तिथे राहणाऱ्यांना करारात धरले की नाही, यावर वसाहतीचा जीव अवलंबून असतो.

याला सर्वांत मोठे उत्तर म्हणून जेम्सटाउनचे उदाहरण दिले जाते, म्हणून आधी तेच घेऊ. मे १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्स नदीच्या काठी १०४ पुरुष आणि मुलगे उतरले. जानेवारी १६०८ पर्यंत त्यांतले ३८ जिवंत होते. जागा दलदलीची, पाणी मचूळ, आणि लंडनच्या भागधारकांना सोने हवे असल्याने पेरणीपेक्षा माती उकरण्यावर भर. कौन्सिलातल्या सदस्यांचे एकमेकांशी पटत नव्हते. पहिला अध्यक्ष विंगफिल्ड याला सहा महिन्यांच्या आत काढले, कौन्सिलातल्याच एकाला मृत्युदंड दिला. सप्टेंबर १६०८ मध्ये जॉन स्मिथ अध्यक्ष झाला आणि त्याने फर्मान काढले, की जो काम करणार नाही त्याला खायला मिळणार नाही. सरदारघराण्यातले आळशी लोकही कुऱ्हाड घेऊन झाडे तोडू लागले, विहीर खणली गेली, घरे उभी राहिली, मृत्यू घटले. खंबीर नेतृत्वाचे पुरस्कर्ते इथे थांबतात. स्मिथची कामगिरी खोटी नाही, त्याच्याविना ती वसाहत दुसऱ्याच वर्षी बुडाली असती हेही मान्य केले पाहिजे.

पण गोष्ट पुढे आहे. बंदुकीच्या दारूच्या भडक्यात भाजलेला स्मिथ १६०९ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडला परतला आणि त्याच हिवाळ्यात उपासमारीने वसाहतीचा फडशा पाडला. काहीशे माणसांतली साठेक उरली. त्यांनी घोडे खाल्ले, कुत्री-उंदीर खाल्ले, आणि एका किशोरवयीन मुलीच्या कवटीवरच्या सुरीच्या खुणा संशोधकांनी २०१३ मध्ये जगापुढे ठेवल्यावर माणसाचे मांस खाल्ले गेले याबद्दलही शंका उरली नाही. एका माणसाच्या जाण्याने एवढे सगळे कोसळत असेल, तर त्याने मागे काय उभे केले होते? स्मिथची शिस्त त्याच्या नजरेच्या टप्प्यापर्यंतच चालत होती. मका येत होता तो पोव्हाटन या तिथल्या मूळच्या राजाच्या लोकांकडून, कधी मण्यांच्या आणि तांब्याच्या मोबदल्यात तर कधी बंदुकीच्या धाकाने. स्मिथ गेल्यावर पोव्हाटनने मका बंद केला आणि वसाहतीच्या वाटा अडवल्या. त्यानंतर लष्करी कायदा आला, अन्न चोरणाऱ्याला मृत्युदंड आला, तरी वसाहत रखडतच राहिली. तिने मूळ धरले ते कंपनीच्या सामाईक शेतीऐवजी माणसांना स्वतःची जमीन मिळू लागल्यावर, तंबाखूचे पीक हाती आल्यावर आणि ३० जुलै १६१९ ला वसाहतवाल्यांची निवडलेली सभा भरल्यावर. म्हणजे लंडनच्या कंपनीने आपल्या मुठीतले काही सोडले तेव्हा. मात्र त्या करारात पोव्हाटनचे लोक नव्हते. जमीन त्यांची होती आणि वाटणी दुसऱ्यांनी केली. मार्च १६२२ मध्ये त्यांनी एका दिवसात ३४७ इंग्रज मारले, आणि पुढची कित्येक वर्षे सूडाची लढाई चालली. त्याच १६१९ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे तिथे विकली गेली, हेही त्या यशाच्या हिशेबात धरावे लागते.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. कूकने ताबा घेतला तरी मरणे थांबले नाही. १६६६ च्या अखेरीस आलेला गव्हर्नर लुकस पुढच्याच मे महिन्यात गेला. राजाला हे बेट परवडेना, म्हणून मार्च १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. कंपनीचा सुरतेचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडेन १६६९ च्या जुलैमध्ये मेला आणि त्याच्या जागी जेराल्ड ऑंजियर आला. गोऱ्या माणसाचे मुंबईतले आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे तिथले इंग्रजच बोलत. खाजणात भरतीचे पाणी साचून राही, ताडा-माडांना कुट्ट्याचे, म्हणजे कुजक्या मासळीचे, खत घालत, त्याची दुर्गंधी सुटे, आणि विलायतेहून आलेले शिपाई ताडी-दारूवर दिवस काढत. ऑंजियरने खाजण बांध घालून कोरडे करण्याचे बेत केले, रुग्णालयासाठी खटपट केली, टांकसाळ काढली, किल्ला भक्कम केला. यांतले बरेचसे अर्धवट राहिले. औषधपाण्याने त्याला मरण हटवता आले नाही. इंग्रज मरत राहिले आणि बेट मात्र वाढत गेले, ही त्या आठ वर्षांतली खरी नवलाची गोष्ट आहे. डॉक्टर जॉन फ्रायरने बेटाची वस्ती साठ हजार धरली, पोर्तुगीजांच्या काळात ती दहा हजार होती म्हणतात. फ्रायरचा अंदाज सढळ असला तरी वाढ खरी होती. ती इंग्रजांची वाढ नव्हती. दीव, सुरत, चौल, वसई इकडून माणसे येऊन राहत होती, आणि ती का आली हे पाहण्यासारखे आहे.

नीमा पारेख हा दीवचा वाणी व्यापारी. मुंबईला येऊन राहण्याआधी त्याने अटी घातल्या आणि त्या लेखी मागितल्या. १६७७ च्या मार्चमधल्या त्या करारात काय आहे? त्याच्या लोकांना आपल्या घरात आपला धर्म पाळता येईल. मेलेल्यांना आपल्या रीतीने अग्नी देता येईल. बाई असो, पुरुष असो, मूल असो, कुणालाही बळजबरीने ख्रिस्ती केले जाणार नाही. मनाविरुद्ध कुणाला ओझी वाहायला लावणार नाही. पहारा-चौकीच्या कामाला धरणार नाही. त्यांच्या आवारात दुसरा कुणी येऊन जीवहत्या करणार नाही. यातली एकेक अट म्हणजे पोर्तुगीज अमलात सोसलेल्या एकेका गोष्टीची आठवण आहे. बिगारी सोसलेल्या माणसालाच ओझ्याची अट सुचते. कंपनीच्या बाजूने बघितले तर या कागदाने गव्हर्नरच्या हातातल्या सहा-सात सोयीच्या गोष्टी काढून घेतल्या. बिगारी फुकट मिळते, पहाऱ्याला माणसे लागतात, धर्मांतराला पाद्री उत्सुक असतात. ऑंजियरच्या कारभाराने हे सगळे सोडले आणि तीन महिन्यांनी, ३० जून १६७७ ला, तो सुरतेत मेला. नीमा पारेखचे संरक्षण ऑंजियरच्या भलेपणावर टांगलेले असते तर ते त्या दिवशी संपले असते. ते कागदावर होते.

असाच मोठा कागद १६७२ च्या नोव्हेंबरात झाला होता. पोर्तुगीज काळापासूनचे जमीनमालक आणि नवे सरकार यांच्यात कोणती जमीन खरी कुणाची, असा घोळ चालू होता. आधीच्या गव्हर्नरांनी मनाला येईल तशी जप्ती केली होती. ऑंजियरने बेटावरच्या प्रमुख रहिवाशांशी तडजोड केली : त्यांनी वर्षाला २०,००० झेराफिन भरायचे, संरक्षणाला माणसे द्यायची, आणि सरकारने कुलाबा वगळता त्यांच्या जमिनींवरचा दावा सोडायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालय उघडले. त्या दिवशीच्या मिरवणुकीत हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी दोन-दोनच्या रांगेत पुढे चालत होते, मागे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती रहिवाशांचे प्रतिनिधी होते, गव्हर्नर पालखीत होता. न्यायासनावर बसलेल्याने देश आणि धर्म न पाहता सगळ्यांना एका नजरेने पाहावे, असे त्याने तिथे न्यायाधीशाला जाहीर सांगितले. जातवार पंच नेमून किरकोळ तंटे त्यांच्याकडे सोपवण्याची योजनाही त्याची. या तडजोडीचा गौरव करताना एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. सही करणारे होते ते मोठे जमीनमालक. खाजणात राबणारा कुणबी, माडावर चढणारा भंडारी, मासळी मारणारा कोळी यांना त्या कागदात जागा नव्हती आणि त्या २०,००० झेराफिनांचा बराचसा भार शेवटी त्यांच्याच घामातून निघाला असणार. करार अपुरा होता. तरीही तो होता, आणि त्यामुळे जप्तीची टांगती तलवार गेली.

शेजाऱ्यांशीही हेच धोरण. मुंबईत पिकत होते ते पोटाला पुरेना. भात आणि जळाऊ लाकूड पलीकडच्या मुलखातून यायचे, आणि तो मुलूख शिवाजी महाराजांच्या हाती जात होता. समुद्रात सिद्दीचे आरमार होते, त्याच्या पाठीशी औरंगजेब. एकाला जवळ केले की दुसरा कोंडी करणार. ऑंजियर वर्षानुवर्षे दोघांशी बोलत राहिला, आणि जून १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडेनला रायगडावर राज्याभिषेकाला पाठवून तह करून घेतला. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई मिळवणे हा त्या बोलणीचा एक भाग होता, पण बेटाची रसद चालू राहणे त्याहून मोठे होते. १६७३ च्या फेब्रुवारीत डच सेनापती व्हान गोएन्स बावीस जहाजे घेऊन मुंबईपुढे आला, तेव्हा तटावर इंग्रज शिपाई होते, सोटे घेतलेले भंडारी होते आणि जमीनमालकांनी दिलेली माणसेही होती. डच तोफा न डागता निघून गेले. दहा वर्षांपूर्वी अंजदीववर चारशे शिपाई असून वसाहत उभी राहिली नाही. इथे गोरे शिपाई थोडे, पण ज्यांची घरे-वाड्या त्या बेटावर होत्या ती माणसे तटावर उभी राहिली.

यावर एक आक्षेप असा येईल की ऑंजियर हा अपवाद होता. चांगला माणूस मिळाला म्हणून चांगले झाले, मग नेतृत्वाचेच महत्त्व सिद्ध झाले की नाही? या आक्षेपाला उत्तर पुढच्या तेरा वर्षांनी दिले आहे. ऑंजियरनंतर लंडनच्या संचालकांनी खर्चात कपात केली, शिपायांचे पगार कापले, स्थानिकांचे म्हणणे ऐकणे बंद केले. २७ डिसेंबर १६८३ ला कॅप्टन रिचर्ड केग्विनने किल्ला ताब्यात घेतला आणि अकरा महिने राजाच्या नावाने कारभार केला. त्या अकरा महिन्यांत त्याने संभाजी महाराजांशी तह केला आणि बेटाचा हिशेबही ठीक ठेवला. नंतर जॉन चाइल्ड आला. हा खऱ्या अर्थाने धडाडीचा, कुणाला न जुमानणारा माणूस होता. लंडनच्या चिथावणीने त्याने मोगलांची जहाजे धरली, सिद्दीचे धान्यही अडवले. १६८९ मध्ये सिद्दी याकूब मुंबईत उतरला, माझगाव-माहीम-शिवडी त्याने घेतले आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. चाइल्ड फेब्रुवारी १६९० मध्ये मेला, कंपनीने औरंगजेबाला दीड लाख रुपये दंड भरून माफी मागितली, आणि जूनमध्ये सिद्दी निघून गेला तेव्हा भरलेले बेट ओस पडले होते. पैसा, तोफा, जहाजे चाइल्डकडे ऑंजियरपेक्षा कमी नव्हती. फरक कशात होता? ऑंजियरने केलेले करार लंडनवर बंधनकारक नव्हते. संचालकांच्या एका पत्राने ते बाजूला सारता येत होते. म्हणजे त्याचे चुकले ते अर्धवटपणात. त्याने मुंबईपुरता अधिकार सोडला, पण त्याच्या डोक्यावरच्या कंपनीला बांधून घेणे त्याच्या हातात नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ज्यांनी हा देश लुटला त्यांच्या गव्हर्नरकडून आपण कारभार शिकायचा? ऑंजियर व्यापाऱ्यांचा नोकर होता, त्याचे सगळे शहाणपण कंपनीच्या नफ्यासाठी होते, यात वाद नाही. म्हणूनच त्याचे उदाहरण बोलके आहे. ज्याला इथल्या माणसांबद्दल फारसा जिव्हाळा असण्याचे कारण नव्हते, त्याला निव्वळ तगून राहण्यासाठी त्यांना लेखी हक्क द्यावे लागले. ही युक्ती विलायतेची नाही हे सांगायला तर चंद्रपूर जिल्हाच पुरेसा आहे. मेजर ल्युसी स्मिथच्या १८६९ च्या बंदोबस्त अहवालात गोंड राजांच्या परंपरा नोंदवलेल्या आहेत. हीरशहाच्या नावाने सांगितले जाते की जंगल तोडून जमीन वहितीला आणील त्याला तिची सनद, आणि तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन. राजाने इथे फौज पाठवून गावे वसवली नाहीत, जमिनीवरचा हक्क सोडून वसवली. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे आजही ज्यांच्या पाण्यावर धान होतो ते मामा (माजी मालगुजारी) तलाव याच प्रथेतून पुढे आले, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात होता. एकेका पाळीची माती डोक्यावरून वाहिली गेली ती कुणाच्या धाकाने नव्हे, पाण्याखालचे शेत आपले राहणार या भरवशावर.

इंग्रज स्वतः या मुलखात आले तेव्हा मात्र मुंबईचा हा अनुभव ते विसरून गेले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांद्याला डेप्युटी कमिशनर बसला. जमीनदारांना, राजगोंडांना, जंगलातल्या गावांना त्यात विचारण्याचा प्रश्नच नव्हता. चार वर्षांत मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके उठला. मार्च १८५८ मध्ये राजगड घेतला, अडपल्ली-घोटचा व्यंकटराव त्याला मिळाला, आणि एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या बाजूला तारखात्याचे दोन इंग्रज मारले गेले. कॅप्टन क्रिचटनच्या फौजेला बाबूराव सापडला नाही. तो हाती लागला अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईमार्फत, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला त्याला चांद्यात फाशी दिले. म्हणजे तारा, तोफा, पलटण असूनही शेवटी इथल्याच एका घराण्याशी व्यवहार करावा लागला. फरक एवढाच की हा व्यवहार सगळ्यांशी करार करून झाला नाही, एकीला बक्षीस आणि दुसऱ्याला फास देऊन झाला. त्यानंतर जंगल सरकारजमा होत गेले, आणि माडिया-गोंडांना आपल्याच रानात परवाना लागू लागला. तो दुरावा अजून गेलेला नाही. गडचिरोलीत गेल्या चार दशकांत जे रक्त सांडले त्याची अनेक कारणे आहेत, पण जंगल कुणाचे हा न मिटलेला तंटा त्यांच्या मुळाशी आहे.

हा तंटा मिटू शकतो हे शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात दिसले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्यांपैकी. कायदा बांबूला गौण वनोपज म्हणत होता आणि वनखाते ते मानायला तयार नव्हते. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पाच-पंचवीस पानांचे ते पुस्तक. त्यातला पास वनरक्षक फाडायचा तो ग्रामसभा फाडू लागली, एवढाच बदल. पण त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी आपला बांबू आणि तेंदूपत्ता आपण विकला, मजुरी वाढली, तोडीवर देखरेख आली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचे नेतृत्व यात होतेच. सर्वसहमतीशिवाय निर्णय नाही हा नियम मात्र त्यांनी स्वतःलाही लावून घेतला, आणि म्हणून ते काम एका-दोघांच्या आयुष्यापुरते राहिले नाही.

याच्या शेजारी सुरजागडचा कारभार ठेवून पाहा. खाणीला विरोध करणे हा या लेखाचा हेतू नाही. बल्लारपूर स्वतः खाण आणि गिरणीवर जगले आहे. रोजगाराची गरज एटापल्ली-भामरागडच्या तरुणांना कुणाहूनही जास्त आहे. पण तिथे येणारे अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातात, गडचिरोलीची नेमणूक अजूनही शिक्षेची बदली समजली जाते, आणि जाणाऱ्याने तोंडी दिलेला शब्द येणाऱ्याला माहीत नसतो. रस्त्याचे, पाण्याचे, नोकरीचे, ठाकूरदेवाच्या यात्रेच्या जागेचे आश्वासन कुणी दिले, कधी दिले, कुठे लिहिले, हे विचारायला गावकऱ्याने कुठे जायचे? त्यातच २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी क्रम उलटा केला. आधी ग्रामसभेचे वनहक्क आणि संमती पाहून मगच केंद्राने जंगल वळते करायचे, अशी रीत होती. आता केंद्राची मंजुरी आधी आणि हक्कांची पूर्तता पाहणे राज्याच्या जबाबदारीवर. ज्याच्या हाती नकार होता त्याच्या हातातून तो काढून घेतला गेला. यामुळे काम लवकर होते, हे सरकारचे म्हणणे मला मान्य आहे. चाइल्डचेही काम लवकर झाले होते.

शासकीय बाजूने सांगितले जाते की ग्रामसभांना विचारत बसलो तर विकास दहा वर्षे मागे पडेल, आणि बाहेरचे लोक गावकऱ्यांना भडकवतात. दुसऱ्या मुद्द्यात काही प्रकरणी तथ्य असेलही, पण भडकवणाऱ्याचे बोलणे खोटे पाडायला हातात लेखी करार असण्याइतका चांगला उपाय नाही. पहिल्या मुद्द्याचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. बंदोबस्ताला ठेवलेले जवान, बंद पडणारे रस्ते, थांबणारे ट्रक, न्यायालयातली वर्षे हे सगळे त्या दहा वर्षांत धरा. मुंबईत जमीनमालकांशी तडजोड करायला ऑंजियरला काही महिने लागले असतील, सिद्दीच्या वेढ्याने बेट उजाड व्हायला सव्वा वर्ष लागले आणि सावरायला त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून मागणी नेमकी करावी. एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांत खाणीच्या कोणत्याही विस्ताराआधी कंपनी, जिल्हा प्रशासन आणि बाधित गावांच्या ग्रामसभा यांच्यात त्रिपक्षीय करार व्हावा. तो मराठीबरोबर गोंडी-माडियात ग्रामसभेत वाचून दाखवावा. नोकऱ्यांची संख्या, पाण्याचा स्रोत, ट्रकांचा रस्ता आणि वेळ, देवस्थानांची हद्द, नुकसानीचा दर, हे त्यात आकड्यांनी आणि नकाशाने असावे. त्यातली अट बदलायची तर त्याच ग्रामसभेचा ठराव लागावा, कलेक्टरची नुसती सही पुरू नये. आणि जमीनमालकांबरोबर भूमिहीन, वनहक्काचा दावा प्रलंबित असलेले, आणि बाहेरून आलेले खाणकामगार यांनाही त्यात पक्ष म्हणून जागा असावी, कारण १६७२ च्या करारातून नेमकी हीच माणसे सुटली होती. अनुसूचित क्षेत्रासाठी पेसा कायदा १९९६ पासून आहे, महाराष्ट्राचे नियम २०१४ पासून आहेत. त्यांच्या चौकटीत एवढे करायला शासन निर्णय पुरतो, आणि पुढच्या विस्ताराच्या प्रस्तावावर मुंबईत सही होण्याआधी तो निघाला पाहिजे.